कोरड्या विटांची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. हाँगकाँगच्या साय यिंग पुन भागात, सुक्या मासळीच्या दुकानांमागे जी चढाची गल्ली आहे, तिथल्या एका चार मजली घराच्या वरून दुसऱ्या मजल्यावर माझे बस्तान आहे. खिडकी म्हणजे भिंतीतले नुसते भोक, असे कुणी म्हटले की माझ्या बिजागऱ्या करकरतात. भोक काय, उंदीरही पाडतो. मला पंचांग पाहून पाडले. मला उघडे ठेवा म्हणून सरकारने हुकूम काढला आणि बुजवा म्हणूनही सरकारनेच काढला. शेवटी हा घोळ निस्तरायला इंग्रजांच्या या वसाहतीला एका कायद्याचे दोन कायदे करावे लागले. ते केवळ माझ्यासाठी केले असे मी म्हणत नाही. पण माझाही त्यात वाटा होता, असे मानायला मला आवडते.

माझे लाकूड सयामी सागाचे आहे. आधी ते एका चहाच्या दुकानाला होते. तिथे गिऱ्हाईक सकाळी आपापल्या पक्ष्याचा पिंजरा माझ्या चौकटीला टांगत आणि गप्पा मारत बसत. ते दुकान पाडले तेव्हा याउ शेठने माझी चौकट भंगारात उचलली. हा आमच्या घराचा मालक. नवे लाकूड घ्यायचे म्हटले की त्याच्या जिवावर यायचे.

त्याला खिडकीची गरज पडली ती रेमेदियोस साहेबांमुळे. हे आरोग्य खात्याचे निरीक्षक. घराणे मकावचे, नाव पोर्तुगीज, पण बोलणे असे की बाजारातल्या कोळणीनेही कानावर हात ठेवावेत. ते मागच्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले.

"या खोलीत दिवा लावल्याशिवाय मला माझंच नाक सापडत नाही," ते म्हणाले. "आणि माझं नाक काय लहान आहे का? शेठ, इथं माणसं झोपवायची असतील तर भिंतीत खिडकी पाडा. नाहीतर खोली रिकामी करा."

त्या खोलीत सिउ-हिंग आणि तिची सासू राहत. सिउ-हिंगचा नवरा बोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला गेला आणि तिकडेच तापाने मेला. लग्नात नवरी घालते त्या जोड्यांवर भरतकाम करून ती दोघींचे पोट भरी. तिला एक मुलगीही होती, क्यून नावाची. पण त्या अंधाऱ्या खोलीत पोरीला खोकला जडला तो काही केल्या जाईना. मग सिउ-हिंगने काळजावर दगड ठेवून तिला चेउंग चाउ बेटावर आपल्या भावाकडे नेऊन सोडले. खोलीला खिडकी पडणार हे कळले तेव्हा ती भिंतीकडे बघून सासूला म्हणाली, "आई, आता क्यूनला आणता येईल."

म्हणून मित्रांनो, माझ्या जन्माच्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तिला. पंचांगात भिंत फोडायला चांगला दिवस निघाला. गवंड्याने पहारीने भिंत फोडली, माझी चौकट बसवली आणि खोलीत पहिल्यांदा ऊन आले. सिउ-हिंग आपला लाल साटीन घेऊन माझ्यापाशी बसली. तिने सुईत दोरा ओवला तो पहिल्याच खेपेला. मला इतके भरून आले की झडपा आपोआप हलल्या. वारा होता असे कुणी म्हणेल तर म्हणू दे.

पण याउ शेठने एक पाप केले होते. त्या बाजूच्या भिंतीवर आमच्या वरच्या मजल्याचा आणि छपराचा सगळा भार होता. अशी भिंत फोडली तर फटीवर आडवा दगड टाकावा लागतो. शेठने दगडाऐवजी देवदाराची एक फळी टाकली आणि वरून चुन्याचा हात मारला. माझ्या डोक्यावर अख्खे घर आणि ते पेलायला फळी! मला पहिल्या दिवसापासून मान आखडल्यासारखे वाटत होते, पण बोलणार कुणाला?

त्यातच सासूबाईंनी आरसा टांगला. समोर मो काकांचे सुक्या मासळीचे दुकान होते, त्यांचे अंगण थेट माझ्या खालपर्यंत आलेले, आणि त्यांच्या छपराचे टोक नेमके माझ्यावर रोखलेले होते. असे टोक घरात अशुभ घेऊन येते हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. सासूबाईंनी आठ कोनांचा आरसा आणून माझ्या डोक्यावर ठोकला. तो समोरचे अशुभ आल्या वाटेने परत पाठवतो. परत म्हणजे कुठे, तर मो काकांकडे. त्याच आठवड्यात त्यांच्या मासळीला अळ्या पडल्या.

"आजी, तुमच्या आरशानं माझा माल नासवला," मो काका छपरावरून ओरडले.

"तुझा माल आधीपासूनच नासका आहे, मो," सासूबाई माझ्यातून डोके काढून म्हणाल्या. "आरशात आता तो तुलाही दिसला, एवढंच."

मो काकांनी त्याहून मोठा आरसा आणून समोर टांगला. तेवढ्याने राग शमला नाही, म्हणून ते बांधकाम खात्यात जाऊन तक्रार करून आले, की भाराच्या भिंतीला भगदाड पाडले आहे, एक दिवस घर माझ्या मासळीवर कोसळेल.

इथे तुम्हाला कायद्याविषयी सांगायला हवे. घाबरू नका, थोडक्यात सांगते. तेव्हा वसाहतीत घरांसाठी एकच जाडजूड कायदा होता. फार पूर्वी प्लेगने माणसे पटापट मेली, त्या धास्तीत तो लिहिलेला. भिंत किती जाड असावी, गटार कुठून न्यावे, उंदीर कसे मारावेत, खोलीत किती जणांनी झोपावे, खांब कशाचा असावा, सगळे एकाच कढईत. आणि ढवळणारे दोघे. हवा आणि स्वच्छता बघायला आरोग्याची माणसे, भिंती बघायला बांधकामाची. दोघांच्या हातात तेच एक पुस्तक.

बांधकाम खात्याचे मॅकेल्वी साहेब आले. उंच, लाल मानेचे, आमची कँटनी बोली मोडकीतोडकी बोलणारे. माझ्या डोक्यावर एक चीर विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने वर चढत होती, ती त्यांनी बोटाने चाचपली. त्यांनी लिहिले, खिडकी बुजवा. महिनाभराने रेमेदियोस साहेब आले. त्यांनी लिहिले, खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली रिकामी करा. मी असले तर भिंत बेकायदा आणि मी नसले तर खोली बेकायदा. दोन्हीकडून रस्त्यावर येणार होती ती सिउ-हिंग. मग क्यूनला आणायचे ते कुठे?

प्रकरण एकदा कचेरीत न्यायाधीशापुढेही गेले. याउ शेठने दोन्ही हुकूम पुढे ठेवले आणि हात जोडले. एकच कायदा बुजव म्हणतो आणि तोच उघड म्हणतो, मी गरिबाने करावे काय? न्यायाधीश हसले आणि खटला काढून टाकला. त्या दिवशी शेठला उमगले की हा घोळ आपल्या सोयीचा आहे. दोघांना खूश ठेवले की दगडाचा खर्चही नाही आणि खोलीचे भाडेही चालू.

मग विटांचे नाटक सुरू झाले. मॅकेल्वी साहेब येणार असे कळले की शेठचा हमाल टोपलीभर विटा घेऊन येई आणि माझ्या पोटात कोरड्याच रचून ठेवी. ना चुना, ना माती. वरून सफेदी फिरवली की झाली भिंत. साहेब दारातून बघून जात. रेमेदियोस साहेब येणार असतील तर त्याच विटा काढून जिन्याखाली लपवायच्या. अहो, माझे हाल काय सांगू? तोंडात बोळा कोंबल्यासारखे व्हायचे. सिउ-हिंग त्या दिवसांत जिन्यात बसून भरतकाम करी आणि जाणारे-येणारे तिच्या दोऱ्यावर पाय देत. सासूबाई मात्र लपवलेल्या विटांतल्या दोन दरवेळी उचलून चूल उंच करत. शेठला वाटे हमाल चोरतो.

चीर वाढतच होती. दरवेळी तिच्यावर चुना फिरे आणि दरवेळी ती चुना फोडून वर येई.

वर्ष सरत आले तेव्हा चेउंग चाउहून भाऊ आला. नव्या वर्षानंतर तो बायकोमुलांसह सिंगापूरला जाणार होता.

"ताई, क्यूनला आम्ही घेऊन जातो," तो म्हणाला. "इथं तुलाच थारा नाही, पोरीला कुठं ठेवशील?"

"नवं वर्ष उजाडेपर्यंत थांब," सिउ-हिंग म्हणाली.

"तोपर्यंत काय होणार आहे?"

भाऊ गेल्यावर ती माझ्यापाशी बसली आणि पहिल्यांदाच तिच्या हातून साटीनवर चुकीचा टाका पडला. सिंगापूर म्हणजे समुद्रापलीकडे. एकदा गेलेली पोर परत कधी दिसणार? मला रडू येत नाही, नाहीतर त्या दिवशी आले असते.

अशा वेळी रेमेदियोस साहेबांनी जिन्यातच सगळ्यांना बातमी दिली. सरकारने तो जुना कायदा मोडून दोन वेगळे केले होते. घर बांधायचा एक आणि आरोग्याचा एक.

"सुटलो एकदाचा," साहेब म्हणाले. "आजवर मी वाऱ्याचं बोललो की लोक मला भिंतीचं विचारायचे. आता माझं पुस्तक वेगळं, मॅकेल्वीचं वेगळं. हुकूम सगळे नव्यानं निघणार."

शेठने त्यांना वाकून नमस्कार केला आणि ते गेल्यावर हमालाला म्हणाला, "दोन पुस्तकं म्हणजे दुप्पट घोळ. विटा जपून ठेव." मग सिउ-हिंगकडे वळून म्हणाला, "आणि तू तोंड उघडलंस तर खिडकीच्या आधी तू बाहेर."

दुसऱ्या दिवशी सिउ-हिंगने चांगला झगा घातला, केस विंचरले आणि ती बांधकाम खात्यात गेली. विटांचे नाटक सांगून ती मॅकेल्वी साहेबांना म्हणाली की बघायचेच असेल तर आमच्या गल्लीच्या धुण्याच्या दिवशी या. खोली जाणार असेल तर त्याच दिवशी जाऊ दे, पण एकदाचा निकाल लागू दे, असे तिने मनाशी ठरवले होते. परत आल्यावर तिने हे सगळे सासूला सांगितले. मी घाबरले होते, पण मला तिचा अभिमानही वाटला.

धुण्याचा दिवस म्हणजे आरोग्य खात्याचा. त्या दिवशी सगळी गल्ली घरातले सामान बाहेर काढते, खाटांच्या फळ्या ढेकणाच्या औषधाच्या हौदात बुडवते आणि घरे मोकळी होतात. रेमेदियोस साहेब सकाळपासून हौदापाशी उभे राहून हाका मारत होते. शेठ निश्चिंत होता. आरोग्याचा दिवस, म्हणून विटा जिन्याखाली, मी सताड उघडी आणि शेठ दारात चहा पीत उभा. तेवढ्यात चढावर लाल मान दिसली.

शेठला ठसका लागला. तो जिन्यात धावला. हमाल टोपली घेऊन तीन-तीन पायऱ्या चढत वर आला आणि माझ्यात धपाधप विटा रचू लागला. खालून मॅकेल्वी साहेबांच्या बुटांचा आवाज येत होता आणि त्यांच्या मागून रेमेदियोस साहेबांचा, "अहो, थांबा, मीही येतो." मी अर्धी भिंत आणि अर्धी खिडकी होते तेव्हा दोघे एकदमच दारात उभे राहिले.

सिउ-हिंग बाजूला झाली. "या साहेब," ती म्हणाली. "दोघंही एकदम या. वर्षभर वाट बघतेय."

रेमेदियोस साहेबांनी एका विटेला बोट लावले. ती वीट माझ्यातून बाहेर पडली आणि खाली मो काकांच्या खाऱ्या मासळीच्या पिंपात जाऊन बुडाली.

"आजी," खालून आवाज आला, "आरसा कमी पडला म्हणून आता विटा का?"

"वर ये आणि सांग या साहेबांना, या विटा तू किती वेळा बघितल्यास," सासूबाई ओरडल्या.

मो काका वर आले, हात पुसत. सासूबाईंशी वैर होते, पण खोटे बोलायचा माणूस नव्हता. मॅकेल्वी साहेब आले की विटा आत, रेमेदियोस साहेब आले की विटा बाहेर, असे त्यांनी सगळे सांगितले. हमाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

याउ शेठने खिशातून दोन्ही हुकूम काढले. "हे बघा. हा बुजवा म्हणतो, हा उघडा म्हणतो. मी सरकारचा गुलाम. दोन्ही पाळतो."

"ते जुनं पुस्तक," मॅकेल्वी साहेब म्हणाले. "जुनं पुस्तक मेलं. आता मला एकच विचारायचं. भिंत उभी राहील?"

"म्हणजे खिडकी बुजवू?"

"खिडकीशी मला देणंघेणं नाही. भिंत उभी पाहिजे. दगड टाका, उभी राहील."

"आणि मला भिंतीशी देणंघेणं नाही," रेमेदियोस साहेब म्हणाले. "वारा पाहिजे. दगडाखालून आला तरी चालेल."

माझ्या चौकटीत कोरड्या विटा कोंबलेल्या होत्या, तरी मला आत काहीतरी मोकळे झाल्यासारखे वाटले. मित्रांनो, वर्षभर दोघे मिळून एकच प्रश्न विचारत आणि त्याचे उत्तर कुणालाच देता येत नसे. आता प्रश्न दोन झाले आणि दोन्हींचे उत्तर एकच निघाले, एक आडवा दगड.

पण शेठ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो सिउ-हिंगकडे बघून हसला. "ठीक आहे. मग मी भाडेकरूच काढतो. इथं तांदळाचं गोदाम करतो. पोत्यांना वारा लागत नाही."

सिउ-हिंगने चटकन रेमेदियोस साहेबांकडे पाहिले. रेमेदियोस साहेबांनी खांदे उडवले, कारण त्यांच्या पुस्तकात पोत्यांविषयी काहीच नव्हते.

मॅकेल्वी साहेबांनी भिंतीवर थाप मारली. "गोदाम? चांगलं. तांदूळ जड. माणसं हलकी. गोदामाला भिंत पायापासून नवी. चारी मजले पाडा, जाड भिंत बांधा. माझ्या पुस्तकात लिहिलंय."

शेठ त्या चिरेकडे बघत राहिला, जणू आजच तिची ओळख झाली होती.

"दगड कधी आणू?" तो म्हणाला.

सासूबाई इतक्या जोरात हसल्या की खाली हौदापाशी लोकांनी वर पाहिले. सिउ-हिंग हसली नाही. तिने रेमेदियोस साहेबांना विचारले, "साहेब, दगड टाकल्यावर इथं किती जणांनी झोपायचं?"

साहेबांनी फीत काढली, लांबी-रुंदी-उंची मापली, मला एकदा नीट बघितले. "तिघांनी," ते म्हणाले. "का? तुम्ही तर दोघीच."

"तिघी," सिउ-हिंग म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

दगड शाउ केई वानच्या खाणीतून आला. करड्या ग्रॅनाइटचा, चांगला जाड. तो वर चढवायला बांबूची परांची हवी होती आणि तिचे पाय मो काकांच्या अंगणात रोवल्याशिवाय इलाज नव्हता. काकांनी अट घातली, आधी तो आरसा उतरवा. सासूबाई म्हणाल्या, आधी तुझा. शेवटी पंचांग काढले, चांगली वेळ बघितली आणि दोघांनी एकाच क्षणी आपापला आरसा उतरवला, एकमेकांवर डोळा ठेवून. सिउ-हिंगने दोन्ही आरसे एकाच फडक्यात गुंडाळून देवळात दिले.

भार टेकूंवर घेतला, फळी काढली, आणि तो दगड माझ्या डोक्यावर बसला. मित्रांनो, जन्मापासून आखडलेली मान सुटली. गवंड्यांनी विटांचे तोंड जुळवून चीर भरली. मॅकेल्वी साहेबांनी दगडावर हात फिरवला, खाली मान घालून गेले. कौतुक करणे त्यांच्या स्वभावात नव्हते, पण जाताना त्यांनी माझी झडप हळूच लोटून बघितली, एवढे मी पाहिले.

नव्या वर्षाच्या आधी चेउंग चाउची बोट आली. क्यून जिना चढून वर आली ती थेट माझ्याकडे. खालच्या फळीवर हात टेकून तिने बाहेर डोके काढले आणि समोर छपरावर बसलेल्या मो काकांना विचारले, "काका, ती मासळी अजून नासते का?" कुणी शिकवले असेल, हे सांगायला नकोच. काका खो खो हसले आणि त्यांनी तिला एक सुकी मासळी फेकून दिली. ती माझ्यातून अचूक आत आली. त्या संध्याकाळी तिघींनी ती भाताबरोबर खाल्ली.

भाऊ सिंगापूरला गेला, पण पोर इथेच राहिली. तिचा खोकला गेला. माझ्यापाशी बसून ती लिहायला शिकली, आईसारखे भरतकाम शिकली, वयात आली, लग्न होऊन गेली. पुढे खोलीत कितीतरी माणसे आली. कुणी माझ्यावर हिरवा रंग फासला, कुणी खिळे ठोकून कपडे वाळत घातले, कुणी वर्षानुवर्षे माझ्यापुढे कपाट उभे केले आणि दिवसा दिवा लावून बसले. मी कुरकुरले, पण पडले नाही. त्या दगडाखाली पडायचे कारणच नाही.

मुलांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिच्या तोंडावर सामान रचू नका. तिच्या बिजागरीला थेंबभर तेल द्या. भिंतीला चीर दिसली तर चुना फासून ती लपवू नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि कधी दोन मोठी माणसे तुम्हाला दोन उलट्या गोष्टी सांगत असतील, आणि त्या दोघांच्या मध्ये बसून तिसराच कुणी मजा मारत असेल, तर भिऊ नका. दोघांना एकाच खोलीत, एकाच वेळी उभे करा. सिउ-हिंगने केले. तिची मुलगी घरी आली.